हरकतीचं कारण

मी अनुरेखक होते.
साहेब आखायचे, मी त्यावरून आखायचे.
उन्हाळ्यातही पंखा बंद,
कारण कागद हलला
की भांडुप मुलुंडात जायचं.

राहायचं ते पिवळं.
दुकानं निळी, मैदान हिरवं,
स्मशानालाही काहीतरी रंग होता, आता आठवत नाही.
कारखान्याचा जांभळा.
तो नखांत बसायचा. घरी भात कालवताना
आई म्हणायची, आज कुणाला उद्योग दिलास गं?

ब्याऐंशीचा मार्च. दुपार.
शेजारच्या टेबलावर वहिदा डबा उघडत होती,
तिचं कोपर माझ्या कोपराला लागलं
आणि ब्रशातून एक थेंब सुटला.
चिंचोक्याएवढा.
सुतार चाळीमागच्या गल्लीवर बसला.
तिथला पिवळा अजून भरायचा होता.

ब्लेडने खरवडता आला असता.
पण ट्रेसिंगचं कापड फाटलं तर पगारातून कापायचे.
मी थेंबाच्या कडेकडेने पिवळा भरला,
अगदी नीट, जसं काही तसंच आखलेलं.
वहिदाने पाहिलं. मला लोणच्याची फोड दिली.

मग सही झाली, शिक्का बसला,
राजपत्रात छापून आलं.
तोवर तो डाग होता.
त्यानंतर ते धोरण.

एकास चार हजार या प्रमाणात
एक चिंचोका म्हणजे साठ मीटर.
साठ मीटरांत अकरा गाळे मावतात
हे मला फार उशिरा कळलं,
मिक्सरचं कपलिंग शोधत त्या गल्लीत गेले तेव्हा.
स्प्रिंगा, वॉशर, पत्र्याच्या झाकणांचा ठोका,
सगीरचं बफिंग, लुर्डिनबाईंचं पॅकिंग,
आणि कपलिंग लेथवर बसवून देणारा मोरेश्वर पांचाळ.
त्याच्या देव्हाऱ्याशेजारी काचेत नकाशाचा उतारा.

"इन्स्पेक्टर दरसाल येतो," तो म्हणाला,
"नकाशा बघतो, डोकं खाजवतो, चहा पिऊन जातो.
चौफेर पिवळं, आमच्यापुरतं जांभळं.
वडील म्हणायचे, महापालिकेत
नक्की कुणीतरी आपला माणूस बसलाय."

मी चहा प्यायले.
दोन बिस्किटंही खाल्ली.
बोलले काहीच नाही.

आता नवा आराखडा संगणकावर आहे.
त्याला कोपर लागत नाही.
गल्लीला लागून बावीस मजले उभे राहिलेत,
तिथे कुणाचं तरी तान्हं दुपारी दचकून उठतं,
तेही खोटं नाही.
पडद्यावर मी गल्ली शोधली.
पिवळी. सलग, स्वच्छ पिवळी,
लग्नातल्या हळदीसारखी
सगळ्यांना सारखी फासलेली.
तिथला मुलगा नम्र होता. म्हणाला,
"जुनी चूक होती बाई. दुरुस्त केली."

चूक होती, बरोबर आहे.
पण त्या चुकीवर
अकरा भट्ट्या पेटल्या, पोरी बारावी झाल्या,
लुर्डिनबाईंच्या नवऱ्याचं डायलिसिस चाललं.
बरोबर जागी भरलेल्या माझ्या रंगांचं
पुढे काय झालं, मी कधी बघायलाही गेले नाही.

सूचना व हरकती, खोली क्रमांक नऊ.
बाकावर पांचाळ, मांडीवर ती काचेची चौकट.
मला ओळखलं नाही. कपलिंगं काय रोजचीच.

अर्जात रकाने:
नाव. पत्ता. भूखंडाशी संबंध.
हरकतीचं कारण, त्याला तीन ओळींची जागा.
नाव लिहिलं. पत्ता लिहिला.
पेन तिथेच थांबलं.

"आजी, मालक की भाडेकरू?" खिडकीतून आवाज.
मी म्हटलं, "अनुरेखक."
त्याने यादी वरून खाली पाहिली, पुन्हा वर,
मग "इतर"वर टिचकी मारली
आणि पुढचा नंबर पुकारला.

पुढचा नंबर पांचाळचा होता.
उठताना त्याचं कोपर
माझ्या कोपराला लागलं.