निळी खुर्ची

वाडगे मी पहिल्याच आठवड्यात वेगळे केले,
दोन खोल्यांत, मध्ये दार लावून.
तरी सारेमा बेटावर नोव्हेंबरात चारलाच अंधारतं
आणि चुलीपाशी जागा एकच.
माझा मुरी तिकडे निघाला
की टुक्स आडवी येते, ओठ वर, शेपूट ताठ.
एन्देल ओरडतो. मग तिघंही भुंकतात.

परवा मी नुसती बघत बसले, विणकाम मांडीवर.
टुक्स चुलीकडे ढुंकूनही पाहत नव्हती.
तिचं सगळं अंग त्या खुर्चीला लागलेलं.
लेम्बीची खुर्ची.
तिच्यावर मीही दोन वर्षांत बसलेले नाही.

बोलले काहीच नाही.
काल एन्देलनेच ती उचलली,
लाकडांच्या खोपीत नेऊन ठेवली.
टुक्स मागोमाग गेली, रात्रभर तिथेच.

सकाळी दारावर नखं वाजली.
आत आली, मुरीला हुंगलं,
गुरगुरली थोडी,
सवयीपुरती.