पुढील मजकूर गहाळ

पानाला साठ रुपये देते कचेरी
मोडीचं बाळबोध करून दिल्याचे.
यंदा श्रावणात आली ती सनद:
कसबे सोलापूर, गावठाणाबाहेर,
बत्तीस एकर अकरा गुंठे,
कापसाची गिरणी उभारणेकामी
शेठ केशरचंद वालजी यांस दिल्हे.
सारा वीस वर्षे माफ,
पुढे दरसाल रुपया एक.

लिहिणाऱ्याला जुनं सगळं पाठ होतं.
जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप
यांसहित दिलीय जमीन,
एखाद्या देवाला द्यावी तशी.
फक्त जिथे 'चंद्रसूर्य असेतोवर' यायचं
तिथे बोरू अडखळला असावा;
शाईचा एक फुगवटा आहे.
मग लिहिलंय,
'गिरणीचे धुराडे चालते तोवर.'

पूर्वेस ओढा. पश्चिमेस आगगाडीचा रस्ता.
दक्षिणेस मसणवट. उत्तरेस सरकारी पडीक.
मधली जमीन खडकाळ, बिनवहिताची,
कोणाचे उपयोगी नाही.

समासात, वेगळ्या हाताचं, मुंगीएवढं:
सिद्राम बिन हुलाप्पा धनगर अर्ज करतो की
सदरहू ठिकाणी त्याची मेंढरे
पावसाळ्याचे चार महिने बसतात.
अर्ज नामंजूर.

माझे वडील त्याच गिरणीत, रिंग खात्यात.
राजमल्लू इराबत्ती, बिल्ला नंबर सातशे चार.
तुटलेला धागा चिमटीत धरून जोडायचा,
जन्मभर एवढंच.
झोपेतही बोटं चालायची,
'दारम् तेगिंदी' पुटपुटायचे,
धागा तुटला, धागा तुटला.
कान साच्यांनी नेले होते,
म्हणून आमच्या घरात सगळे ओठ वाचत.
मोडी मला जड गेली नाही.
आधी पानभर रेघ ओढून घ्यायची,
मग हात न उचलता
अक्षरामागून अक्षर तिला लावत न्यायचं.
वडिलांना दाखवलं तर म्हणाले,
हे तर सूतच की रे.

कारकुनाला यातलं काही नको होतं.
"शर्तीचं कलम तेवढं काय म्हणालंय बगा की,
साहेब दोनदा विचारले सकाळपासनं."
बाहेर बाकावर तीन वकील:
एक शेठच्या पणतवंडांचा,
एक बँकेचा,
एक त्या बिल्डरचा, ज्याच्या नकाशात
धुराड्याच्या जागी पोहण्याचा हौद आहे.
कामगारांचा वकील आला नव्हता.
तो मागच्या दिवाळीत वारला.

भिंग धरलं.
'गिरणी बंद पडल्यास सदरहू जमीन'
आणि तिथे, नेमकं घडीवर, भोक.
कसरीनं खाल्लेलं, दोनतीन शब्दांएवढं.
पलीकडे फक्त 'यांची' उरलंय.

जागा मी मोजून पाहिली.
शेठ आणि वारस बसतात तिच्यात.
सरकार बहादूर बसतं, ऐसपैस.
जरा दाटीवाटीनं
सिद्राम आणि त्याची मेंढरंही बसतात.
रिंग खात्याच्या तीन पाळ्या
काही केल्या बसत नाहीत.

वडील असते तर दोन्ही टोकं ओढून
पीळ दिला असता, साचा न थांबवता,
कुणाला कळलंही नसतं.
मी लिहिलं: पुढील मजकूर गहाळ.
सही केली, तारीख घातली.
मग वेगळ्या कागदावर
समासातल्या ओळीही उतरवून दिल्या.

"समासाचं पैसे धरत नाही आपण,"
कारकून म्हणाला.
म्हटलं, माहीत आहे.
त्यानं तो कागद सगळ्यात खाली घातला
आणि फाइल बांधायला घेतली.
दोरा तुटका होता.
तेवढा मी जोडून दिला.