वरची शाई

छत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांमधल्या चुका शोधल्या.
अंक तिरका, शाई पांगलेली, रेघ तुटलेली,
की कागद बाजूला.
बाकी मला राजकारण कळत नाही.

गोलनार समोरच्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहते,
फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला, तेहरानची.
आजोबांच्या दोन नोटा घेऊन आली.
म्हणाली, काका, खऱ्या आहेत का बघा ना.

भिंग काढलं.
जिथं शहाचा चेहरा, तिथं वेलबुट्टी,
दाट, सुबक, कुणीतरी मन लावून कोरलेली.
खांदे मात्र तसेच, बिल्ल्यांसकट.
खऱ्या आहेत, म्हटलं. पण घाईच्या.

मग पहिली ट्यूबलाइटसमोर धरली
आणि कोऱ्या जागेत तो उगवला,
नाकाकानासह, पाण्यातून वर आल्यासारखा.
जलचिन्ह झाकायचं विसरले होते.
दुसऱ्या नोटेत तिथंही शिक्का.
म्हणजे माझ्यासारखाच कुणी तपासनीस
पहिला गठ्ठा उजेडात धरून बसला असणार
आणि त्यानं वर कळवलं असणार.

ती गॅलरीच्या कठड्याला टेकून सांगत होती.
चुलत्याचं नाव नोंदवायला आजोबा गेले,
कारकून म्हणाला, हे यादीत नाही,
हे जुन्या अग्निपूजकांचं, आपल्या संस्कृतीतलं नव्हे.
आपल्या म्हणजे कुणाच्या,
हे विचारायची ती खिडकी नव्हती.
नवं वर्ष काही पुसता येईना,
तर त्याच्या तेराव्या दिवसाला कॅलेंडरात नाव दिलं : निसर्ग दिन.
लोक नेहमीसारखे डबे घेऊन बागेत गेले.

आणि मागच्या वर्षी बॉम्ब पडले तेव्हा
त्याच अग्निपूजकांचे वीर
धनुष्य ताणून चौकात उभे केले सरकारनं.
चुलत्याला न मिळालेलं नाव
तीन मजली उंच, रात्री दिव्यांत.
चुलता कागदोपत्री अजून अब्दुल्लाच.

मी हसणार होतो, पण बाबा आठवले.
अठ्ठेचाळीस साली आमच्याच आवारात
इंग्रजांच्या राजाचं डोकं होतं तसं ठेवून
कोऱ्या पट्टीत छापलं होतं : हुकूमत-ए-पाकिस्तान.
शाई इथलीच. हात गायधनी, पगारे, शेख यांचे.
बाबा म्हणायचे, देश उभा करायला
आम्हाला दीड शिफ्ट लागली.
ती दीड शिफ्ट ते कधी विसरले नाहीत.

आमच्या कॉलनीच्या कमानीलाही
दिवाळीत नवं नाव आलं.
जुनी अक्षरं कुणी खरवडली नाहीत,
वरून पत्रा ठोकला, चार खिळे.
मी रोज खालून दूध घेऊन येतो.
वर बघत नाही.

आज तिचा तेरावा दिवस.
स्टीलच्या ताटात गहू उगवलेत, वीतभर.
आमच्या घरचं माणूस विचारतं, चैत्रात घट कसले गं?
रिक्षानं दसकच्या पुलापाशी गेलो तिघं.
पालिकेच्या बाईंनी शिट्टी फुंकली :
नदीत नाही, कलशात टाका.
कलशावर मोठ्या अक्षरात : निर्माल्य.
गोलनारनं अर्थ विचारला. मी सुरुवात केली,
देवाला वाहिलेलं, मग उतरवलेलं,
टाकायचं, पण पाय लागू द्यायचा नाही...
आणि माझीच शाई पांगली.

तिनं दोन पात्यांची गाठ मारली
आणि मग टाकलं.
भिंग घरी राहिलं होतं. बरं झालं.