आठ हजार एकशे ब्याण्णव

मगदूमबाईंनी डबा काउंटरवर ठेवला,
वर पंचाची घडी, सुतळीनं बांधलेली.
इलेक्ट्रॉनिक तंबोरा. काळा, विटेएवढा.
"बिघडलेला नाही," त्या म्हणाल्या,
"उलट फार तत्पर आहे.
बटण दाबलं की लगेच सा लावून मोकळा."

हे मिरजेत. माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर
भोपळे वाळत टांगलेले असतात
आणि माणसं दिवस दिवस जवारी घासत बसतात.
मी मात्र तंबोऱ्याच्या आयसी बदलून पोट भरतो.
मला कुणी तिरकं बोलत नाही.
बघतात तिरकं.

घशातली गाठ काढून त्यांना सात महिने झाले होते.
"आवाज आलाय परत. कुणाचा आलाय, कळत नाही.
याचा सा कानावर पडला की मी त्याच्या मागं जाते.
मला आधी माझा हवाय.
वीसेक मिनिटं यानं गप्प बसावं,
मग यावं, आणि सांगावं मी कुठं होते."

"मग बटणच उशिरा दाबा की."
"बटण हाताशी असलं की हात जातो, चौगुले."

सोपं वाटलं. एक मोठा कपॅसिटर,
हजार मायक्रोफॅरडचा, अंगठ्याएवढा,
त्याच्या वाटेत दहा लाख ओहमचा रेझिस्टर:
थेंब थेंब भरेल, आठ व्होल्टला पोचेल,
तेव्हा ऑसिलेटरची गळचेपी सुटेल.
(हा शब्द मी त्यांच्यासमोर वापरला नाही.)

रात्री मीटर लावून बसलो.
दोन व्होल्ट. तीन. साडेचार.
पाचावर काटा गेला आणि तिथंच राहिला.
चहा झाला, शेजारचं शटर पडलं,
बेळगावकडची गाडी गेली. पाच.
जेवढं वरून येत होतं तेवढंच आतून पाझरत होतं.
नवा कपॅसिटर लावला. तो सव्वापाचला थांबला.
इतकं सावकाश भरायला गेलं
की भांडं आपलंच पाणी पितं,
हे मला आयटीआयमध्ये कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं तेव्हा मी क्रिकेट खेळत असेन.

मग चाळीस-साठ काढली, सोळा पायांची.
तिला साठवायचं नसतं, फक्त मोजायचं असतं.
तिच्या पोटात तिचा स्वतःचा छोटा ऑसिलेटर,
सेकंदाला सहा-सात ठोके,
आठ हजार एकशे ब्याण्णव झाले
की शेवटचा पाय वर जातो.
म्हणजे एक ऑसिलेटर गप्प ठेवायला
दुसरा मुकाट्यानं चालू ठेवावा लागतो.
मी सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि जरा वेळ
नुसता बसलो.

एक डायोड उलटा टाकला, तो महत्त्वाचा.
लाईट गेली की मागचं सगळं विसरायला हवं,
नाहीतर पुढच्या वेळी मोजणी
भलत्याच आकड्यावरून सुरू होते.
"बरंय त्याचं," बाई म्हणाल्या.

गुरुवारी त्या स्टुलावर बसल्या, पाठ रस्त्याकडं.
मी बटण दाबलं.
त्या गायल्या नाहीत. ओठ मिटून
आत काहीतरी धरलं, सोडलं, परत धरलं.
चौदाव्या मिनिटाला लाईट गेली,
पंखा पूर्ण थांबायच्या आत आली.
"पहिल्यापासून?"
"पहिल्यापासून."
त्यांनी पदर सारखा केला
आणि पहिल्यापासून धरलं.

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं.
एक पोरगा रिमोटचे सेल मागायला आला,
त्याला मी बोटानंच थांबवलं.

एकविसाव्या मिनिटाला डबा बोलला.
बाईंची मान किंचित वर झाली,
पायरी चुकल्यावर होते तशी.
"खाली होते," त्या म्हणाल्या. "अर्धा स्वर तरी."
मग थोड्या वेळानं:
"पण हलले नव्हते."

मजुरीचे एकशे चाळीस दिले, सुट्टे मोजून.
पंचा गुंडाळता गुंडाळता थांबल्या.
"हा लाल दिवा कशाला?"
"मोजतोय ते कळावं म्हणून. ठोक्यागणिक लुकलुकतो."
"नको. मी त्याच्याबरोबर मोजायला लागते."

मी ड्रॉवर उघडला,
काळी चिकटपट्टी बोटभर तोडली,
आणि दिव्यावर लावली.