हळू, इर्मा

मोन्तेविदेओ, रविवारचा बाजार.
पिंजऱ्यातले पोपट, मुळ्याच्या जुड्या, एकेकटे बूट,
त्यांच्या पलीकडे सतरंजीवर तबकड्या.
आदेमार एचेगाराय गुडघे टेकतो,
एक उचलून उन्हात तिरकी धरतो,
नखाने कड चाचपतो.
लाखेची आहे, लाखाची नव्हे.
तरी नेलिदा दोनशेच्या खाली उतरत नाही.

बरं, मग ही स्वरलिपीची चार पानं वर टाक.
टाकते.
मुखपृष्ठावर कसरीने कुरतडलेली नर्तकी,
मागे दुधाचा हिशेब.

घरी तो दोन्ही शेजारी मांडतो:
छापलेलं, आणि वाजलेलं.
सुई टेकते. आधी कढईतला चरचराट,
मग पियानो.
बोट ओळींवरून सरकतं, पान उलटतं
आणि तिथे, सुरांच्या डोक्यावर,
पेन्सिलीने, घाईघाईत:
हळू, इर्मा. आई आत्ताच झोपलीय.

कोण इर्मा?
दुधाच्या हिशेबात तारखा आहेत, साल नाही.
सव्वीस तारखेनंतर
अर्धाच लिटर.

आदेमार उठतो.
या घरात झोपलेलं कुणी नाही,
बरीच वर्षं नाही.
तरी पायातला एक मोजा काढून
तो ग्रामोफोनच्या कर्ण्यात
कोंबतो.