रेत्बा तळ्याच्या काठी

यांदे आत्या अंगाला शियाचं लोणी चोळते,
मग डोईवर मिठाची पाटी.
तेवीस फेऱ्या. कधी सव्वीस.
पाणी गुलाबी का, तिने कधी विचारलं नाही.

आज मात्र पाटी खाली ठेवून
माझ्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.
"ही तांबूस, दोन शेपट्यांची?"
शैवाल. पोटात केंद्रक आहे तिच्या,
तुझ्यामाझ्या पेशीत असतं तसं.
"आणि ह्या काड्या? सगळ्या सारख्याच."
नाहीत गं. ही जिवाणू,
ती शेजारची आर्किया.
केंद्रक दोघींनाही नाही, अंगलट एक,
पण कातडीच्या चरबीची वीणच निराळी;
जिवाणूंवरची कितीतरी औषधं
हिला ओळखतही नाहीत.
आणि नात्यानं ही
त्या काडीपेक्षा आपल्याला जवळची.

आत्या बराच वेळ डोळा काढेना.
"बाजारात मला नि सवतीला
सगळे बहिणी समजतात," म्हणाली,
"आणि तुझ्या बापाचं नाक बघ,
माझं बघ."

मग पाटी उचलली. चोविसावी.
काचेवर थेंब सुकत आला होता.
मिठाच्या दाण्यात आर्किया अडकली,
मेली नव्हती.