तांबी, आंकडी

मांडवीच्या लायब्ररीत वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे.
खालून वर पाहिलं तर माणसं दिसत नाहीत,
नुसते तळवे, धुरकट,
थांबणारे, पुढे जाणारे.
मराठीचं कपाट त्याखाली, कोपऱ्यात.
फॉल-बिडिंगच्या साड्या दुकानात पोचवून
मी तिथे अर्धा तास बसते.
पंख्यासाठी, असं घरी सांगते.

पुस्तकाच्या नावात शरीर होतं आणि हक्क,
म्हणून आधी कव्हर घातलं,
साडीच्या पिशवीचं, जांभळं, काठाची नक्षी छापलेलं.
सासूबाईंना वाटलं पोथी.
वाटू दिलं.

भाषा जड. 'पुनरुत्पादन'पाशी दोनदा अडखळले.
'संमती' ओळखीचा निघाला,
पण आजवर तो फक्त प्लॉटच्या कागदावर भेटला होता,
सासऱ्यांच्या नावासमोर.

पान एकशे तेरा.
बाळंतपणानंतर लगेच, टेबलावरच,
न विचारता बसवल्या जाणाऱ्या तांबीबद्दल
एकच परिच्छेद.
त्याखाली पेन्सिलीची रेघ,
इतकी दाबून ओढलेली
की एकशे पंधरावरही वळ.
शेवटचा शिक्का सतरा वर्षांपूर्वीचा.
कोण होती? कार्डावर नुसता नंबर.

मग मला ऐकू आलं.
हर्षलच्या वेळी टाके घालताना
सिस्टर कुणाला तरी म्हणाली होती,
'आंकडी मूकी दीधी.'
मला वाटलं, आकडा. टाक्यांचा असेल,
नाहीतर बाळाच्या वजनाचा.
तेव्हा माझी गुजराती बाजारापुरती होती,
भाव, मीटर, उधार.

आणि नंतरची नऊ वर्षं!
'दुसरं का नाही?' सणासारखं वेळेवर येत राहिलं.
गुरुवार धरले. चांदोदला नर्मदेत ओटी सोडली.
वांझ म्हणता येत नव्हतं, एक होता ना,
तर मोठ्या जाऊबाई म्हणायच्या, अडकलीय हिची.
त्यांना काय माहीत
किती अचूक बोलत होत्या.

शनिवारी कंबरेचा एक्स-रे काढला, माझ्या पैशांनी,
बावीस साड्यांच्या.
मुलीने फिल्म उजेडाकडे धरली.
हाडांच्या मधोमध, पांढरं, स्वच्छ,
इंग्रजी टी.
मी सातवीपर्यंत शिकलेय, टी ओळखता येतो.
लायब्ररीचं कार्ड काढायच्या कितीतरी आधी
कुणीतरी माझ्या आत एक अक्षर लिहून ठेवलं होतं
आणि मला वाचायला दिलं नव्हतं.

'मिस्टरांना विचारलंत?' डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
बसवताना कुणाला विचारलं होतं, मी म्हणाले.
म्हणजे, म्हणाले असं वाटतं. आवाज बारीक होता.
त्यांनी फॉर्म पुढे सरकवला,
बोट सहीच्या जागेवर.
मी वरून सुरुवात केली.
बाहेर रांग होती, कुणीतरी खोकलं,
मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

काढलेली मागून घेतली.
एवढीशी. तांबं काळवंडलेलं,
दोऱ्याची गाठ मात्र शाबूत.
गाठीतलं मला कळतं, पक्की मारली होती.

आता घरात सगळे खूश. आता होईल म्हणतात.
मला हवंय का,
हे नऊ वर्षांत मीही मला विचारलं नव्हतं.
उपास केले, पण विचारलं नव्हतं.
हल्ली काठाला टीप घालता घालता विचारते.
एखाद्या दुपारी हो येतं.
काल नाही आलं.
सुई थांबत नाही, एवढंच.

पुस्तक अकरा दिवस उशिरा परत केलं.
काउंटरवरच्या कल्लोलिनीबेननी दंड लावला, अकरा रुपये.
'बहु मोडुं थयुं,' चष्म्यावरून बघत म्हणाल्या.
हो, म्हटलं. सुट्टे होते, दिले.

कव्हर काढायला त्या विसरल्या.
मी आठवण केली नाही.